सगळा दिसतो तो घे

आईसाठी लॅपटॉप घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी तिची पिशवी मोजली. जाड निळ्या कापडाची, दोन बंदांची पिशवी. गावोगाव फिरताना ती हीच खांद्याला लावते. आत डबा, पाण्याची बाटली, बचत गटांची रजिस्टरं, अंगठ्याच्या शाईचा डबा. उरलेल्या जागेत जो बसेल तोच लॅपटॉप आपल्या कामाचा. शिवाय काळ्या-पिवळ्या जीपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसावं लागतं, म्हणून वजन चार्जरसकट धरायचं. जाहिरातीत देतात ते वजन चार्जर सोडून असतं. बॅटरी दिवसभर टिकायला हवी, कारण दुपारच्या वेळी कुठल्या गावात लाइट असेल ते सांगता येत नाही. आणि किंमत आमच्यासारख्यांना झेपेल अशी. हे सगळं मी तिला वाचून दाखवलं.

"आन दिसायला?" तिनं विचारलं.

"दिसायला म्हणजे? रंग?"

"न्हाई रे, काही न्हाई," ती म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

आई बारा वर्षांपासून आमच्या गावातल्या गटाचा हिशोब ठेवते. आधी एक गट, मग पाच, मग शेजारच्या दोन गावांचेही. लग्नानंतर बाहेरून दहावी केली. ग्रामपंचायतीच्या संगणकावर दुपारी बसून मराठी टायपिंग शिकली. आता तालुक्याच्या कार्यालयानं आसपासच्या बावीस गावांसाठी एक ताई नेमायची ठरवली होती. तिनं प्रत्येक गावात जाऊन बायकांसमोर बसायचं आणि नोंदी तिथल्या तिथं संगणकात भरायच्या. लॅपटॉप मात्र स्वतःचा पाहिजे. अकरा जणींमधून आईची निवड झाली होती आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. आमच्या घरात पहिल्यांदाच बाईच्या नावानं नेमणुकीचं पत्र आलं होतं. बाबांनी ते देवापुढे ठेवलं आणि नंतर शेजाऱ्यांना दाखवायला काढून नेलं, ते संध्याकाळी हळदीचं बोट लागून परत आलं.

मी बदनापूरला बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. उगवणक्षमता, ओलावा, शुद्धता. शिक्षण भौतिकशास्त्रात झालं, नोकरी बियांत लागली. शुक्रवारी रजा काढली आणि आईला घेऊन जालन्याला निघालो.

जाफराबादच्या स्टँडवर जीप भरायची वाट बघत होतो. आई खिडकीशी बसली होती. बाहेरून दुर्गाबाई आल्या. त्या आईच्या पहिल्या गटातल्या, जुन्या मैत्रीण. खिडकीला खेटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काय दैवशाला, जालन्याला का?"

आईनं मान वळवली नाही. ती समोर ड्रायव्हरकडे बघत होती.

"आई, दुर्गामावशी," मी म्हणालो.

आई दचकली. "अगं, कव्हा आलीस?"

"मी कव्हाची हितं उभी हाये," दुर्गाबाई म्हणाल्या. "पर आता मोठी झालीस बाई तू. वळख द्यायची काय गरज? परवा बाजारात पोराच्या लग्नाची पत्रिका पुढं केली, तर हात बी लावला न्हाई. तशीच निघून गेलीस. माझी पत्रिका आपली हातातच."

"न्हाई गं दुर्गे, माझं ध्यानच नव्हतं."

"ध्यान कसं असंल? साहेबाच्या मांडीला मांडी लावून बसायचं आता." जीपमधल्या दोघीतिघी हसल्या. दुर्गाबाई हसत नव्हत्या. "जाय बाई, जाय. लॅपटाप घेऊन ये. मंग आमाला फोटूत तरी दिसशील."

जीप सुटली. टेंभुर्णीच्या अलीकडे आई म्हणाली, "खरंच मी पत्रिका घेतली न्हाई का रे?"

"मी कुठं होतो तिथं?"

"व्हय. तू कुठं होतास."

पारस माझा कॉलेजातला मित्र. सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. वापरलेले लॅपटॉप दुरुस्त करून, सहा महिन्यांची हमी देऊन तो विकतो. त्याचे वडील दीपचंदजी पुढच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. आई आत आल्यावर त्यांनी पाय आवरून घेतले. तरी ती त्यांच्या चपलांना अडखळली.

"सांभाळून, मावशी," पारस म्हणाला. "अरे हरिओम, तू कागद नाही आणला आज? कॉलेजात कॅल्क्युलेटर घ्यायला गेलो होतो, तेव्हा ह्यानं तीन दुकानदारांना रडवलं, मावशी. चौथा म्हणे, फुकट ने पण जा."

"वजनकाटा आहे का तुझ्याकडे?" मी विचारलं.

"बघा! लॅपटॉप घ्यायला आला की कांदे?"

पण त्यानं काटा आणला. त्यानं तीन लॅपटॉप मांडले. एक पंधरा इंची, एक चौदा, एक अकराच्या थोडा वर. वजनं घेतली. मोठा पिशवीत जाणार नव्हता हे दिसतच होतं, पण मला वाटलं की आईला तोच आवडेल. तिला चाळिशीचा चष्मा आहे. वय वाढलं की माणूस मोठी अक्षरं शोधतो, त्यामुळे ती मोठाच मागेल, मग वजन सांगून तिला चौदावर आणावं लागेल, असा माझा हिशोब होता.

पारसनं मोठा तिच्यापुढे सरकवला. "टाइप करा मावशी. काय बी लिहा."

आईनं चष्मा लावला, पाठ ताठ केली आणि गटाचं नाव लिहिलं. बोटं सराईत होती. पारसनं भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. दीपचंदजींनीही पेपर खाली केला.

"वा! आमच्या रुचिपेक्षा जल्दी," ते म्हणाले. रुचि त्यांची सून, दुकानाची बिलं ती करते.

"आता बंद करा ती फाइल," पारस म्हणाला.

इथं आई थांबली. तिनं मान डावीकडे केली, मग उजवीकडे, मग वर. दाणे टिपताना कोंबडी करते तशी. बाण पडद्यावरच होता, उजव्या कोपऱ्यापाशी. मला दिसत होता, पारसला दिसत होता.

"फुली कुठं गेली ह्याची?" ती म्हणाली.

"वर, उजवीकडे."

तिनं पूर्ण तोंड तिकडे वळवलं तेव्हा ती सापडली. "हां. लई लांब ठेवलीय."

पारसनं लहान लॅपटॉप पुढे केला. त्यावर तिनं सगळं एका दमात केलं. फाइल उघडली, लिहिलं, साठवलं, बंद केलं. मान एकदाही हलली नाही. पारसनं गंमत म्हणून अक्षरं अगदी बारीक केली, इतकी की मलाही पुढे वाकावं लागलं. तिनं ती धडाधड वाचून दाखवली.

"मला ह्योच," ती म्हणाली.

"मावशी, दिवसभर काम करायचं तर लहान पडद्यानं डोळे दुखतात. चौदाचा बघा तरी."

"न्हाई. ह्याच्यात सगळं दिसतं. सगळा दिसतो तो घे, हरी."

माझा अंदाज चुकला होता, आणि अंदाज चुकला की तो का चुकला हे बघितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जिला बारीक अक्षर वाचता येतं तिची नजर तीक्ष्ण आहे. मग तीक्ष्ण नजरेला मोठा पडदा का नको? मी मोठा लॅपटॉप उचलला आणि काउंटरच्या पार टोकाला, तिच्यापासून दुप्पट अंतरावर ठेवला.

"आता?"

"अक्षरं पुसट झाली. पर आता सगळा दिसतो की हा बी."

"हे काय, डोळ्याचा दवाखाना काढला का?" पारस हसला.

पडद्याचा आकार बदलला नव्हता. बदलला होता तो डोळ्याशी होणारा कोन. जवळ असताना मोठा पडदा साधारण बेचाळीस अंशांत पसरतो, लहान बत्तीस अंशांत. आईला बत्तीस पुरत होते, बेचाळीस जास्त होत होते. निरोगी माणसाला दोन्ही डोळ्यांनी समोरचं जवळजवळ एकशे ऐंशी अंश दिसतं. मी तिच्या उजव्या खांद्याशी जाऊन उभा राहिलो आणि माझा हात तिच्या कानाच्या रेषेत धरला. मग हळूहळू पुढे आणला. ती पडद्याकडे बघत होती. हात गालापर्यंत आला, गालाच्या पुढे आला. ती शांतपणे पडद्याकडेच बघत राहिली. पारसचं हसू ओसरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली, की काही बोलू नकोस.

"हाच दे," मी म्हणालो.

दुकानातून निघाल्यावर मी तिला गांधी चमनपाशी रसवंतीत बसवलं. रस येईपर्यंत काय बोलायचं ते जुळवत होतो. शेवटी सरळच विचारलं.

"आई, तुला बाजूचं दिसत नाही ना?"

ती ग्लासाभोवती बोटं गुंडाळून बसली होती. वाटलं नाकारेल. पण तिनं सांगून टाकलं, जसं काही कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती.

"दिसंना झालंय थोडं. दोन-तीन वरसं झाली. मोतीबिंदू हाये तो."

"कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्याच्यात? माझ्या मायला न्हवता का?" माझी आजी झुंबरबाई, कुंभार पिंपळगावची. "तिला बी असंच झालं. मामा घेऊन गेल्ता तिला दवाखान्यात, तव्हा सांगितलं की कच्चाय, पिकू द्या. चार वरसं पिकू दिला. मंग काढला तर म्हातारी सुईत दोरा ओवायला लागली. कच्चा काढला की डोळा खराब व्हतो. समदे म्हणतात."

"आणि तू बोलली नाहीस."

"बोलून काय? पिकल्याबिगर तर काढत न्हाईत. तुझे बाप उगंच घोर करीत बसले असते. अन् हे काम येऊन राह्यलं होतं." तिनं रसाचा घोट घेतला. "मी हिशोब केलाय. एक वरीस काम करते, तवर पिकंल. दिवाळीच्या सुट्टीत काढून घेते. साहेबाला कळायचं बी न्हाई."

तिचा हिशोब बरोबर होता. फक्त तो दुसऱ्या आजाराचा होता. मोतीबिंदूत सगळंच धुरकट होतं, समोरचंही. कडेकडेनं मिटत येऊन मधलं स्वच्छ राहणं, हे त्यात बसत नाही. मी तसं म्हणालो.

"तू बियांचा डाक्टर, माझा न्हवं," ती म्हणाली.

"म्हणूनच खऱ्या डॉक्टरकडे जाऊ. आत्ता. इथं आलोच आहोत."

"आज? अन् रस कोण पिणार?"

तिनं रस पूर्ण संपवला. माझाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात गर्दी होती. तक्त्यावरची अक्षरं तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि माझ्याकडे विजयानं पाहिलं. मग डोळ्यांचा दाब बघितला, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले नाहीत, आधी दुसरी तपासणी करू असं डॉक्टर म्हणाल्या. तरुण बाई होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या अर्धगोलासमोर आईला बसवलं. एक डोळा झाकला. समोरच्या पिवळ्या ठिपक्याकडे बघायचं आणि कुठंही बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. तिला आवडलं. गटाच्या खेळासारखं आहे, म्हणाली.

मला दाराशी उभं राहू दिलं होतं. यंत्र दर दोन सेकंदांनी हलकासा आवाज करत होतं, म्हणजे दर दोन सेकंदांनी कुठंतरी दिवा लागत होता. आईनं सुरुवातीला भराभर बटण दाबलं. मग थांबली. यंत्राचा आवाज चालू होता आणि ती निमूट बसली होती, अंगठा बटणावर तयार ठेवून, वर्गात हात वर करायला टपलेल्या मुलीसारखी. मधेच एकदा दाबायची, पुन्हा शांत. मी आवाज मोजायला लागलो होतो. मग मोजणं सोडून दिलं.

बाहेर आल्यावर तिनं तंत्रज्ञ मुलीला विचारलं, "मधी लाइट गेल्ती का गं?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "नाही, मावशी."

"मंग लई वेळ दिवाच न्हाई लागला."

डॉक्टरांच्या टेबलावर दोन छापील गोल होते, एकेका डोळ्याचा एकेक. कडेनं काळे, मध्ये थोडं पांढरं. मला ते एका नजरेत कळलं. आईला त्या सावकाश, एकेक वाक्य करून सांगत होत्या.

"ताई, हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. आधी कडेचं जातं, म्हणून लवकर कळत नाही. समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं."

"पिकायला किती दिस लागतील अजून?"

"हा पिकत नाही, ताई."

"म्हंजे कच्चाच काढता?"

"हा काढता येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. जी राहिली आहे ती टिकवण्यासाठी थेंब देते. रोज, न चुकता, कायमचे. दाब आला नाही खाली तर शस्त्रक्रिया, पण तीही आहे तेवढं टिकवायलाच."

आईनं टेबलावरचे गोल बघितले. मग म्हणाली, "तवाच आले असते तर? पयल्या वरसाला?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं त्या खोटं बोलतील, आणि त्या क्षणी त्यांनी ते बोलावं असं मला मनापासून वाटलं.

"तर बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या.

आईनं मान हलवली. समोरच्यानं हिशोबातली चूक दाखवली आणि ती आपलीच निघाली की ती अशीच मान हलवते. वाद घालत नाही.

"हे घराण्यात असतं," डॉक्टर पुढे म्हणाल्या, "मुलांनाही तपासून—"

"ह्याचे बघा," आई उठलीच. "ह्याचे आधी बघा. माझं राहू द्या. हरी, बस तिथं." माझा दाब ठीक निघेपर्यंत ती खुर्चीत बसली नाही.

परतीच्या जीपमध्ये मी तिला मधल्या जागेवर बसवलं. लॅपटॉप नव्या खोक्यात तिच्या मांडीवर होता. राजूरच्या पुढे ती एवढंच म्हणाली, "दुर्गीला सांगू नको."

"तिला वाटतं तू वळख देत नाहीस."

"वाटू दे. घमंडी बरी."

घरी बाबांना तिनं आधी लॅपटॉप दाखवला. झाकण उघडून, सुरू करून, त्यांचं नाव लिहून. कारभारी. बाबा हसले, म्हणाले, माझं नाव तर लई सुंदर दिसतंय. मग तिनं थेंबाची बाटली काढून फळीवर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. बाबा उभेच राहिले. मागच्या दिवाळीत ती जीपमधून उतरताना पडली होती, पाय मुरगळला होता, तेव्हा त्यांनी जीपवाल्याला शिव्या दिल्या होत्या. ते आठवलं असावं. "तरी मी म्हणायचो, ही चौकटीला कामून धडकती," एवढं म्हणून ते बाहेर जाऊन बैलांपाशी बसले.

शनिवारी सकाळी आई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. हातात ते दोन छापील गोल.

"ह्याच्यातलं मला काही समजत न्हाई. मला तर समदं बराबर दिसतं. जिथं बघते तिथं दिसतं. मंग गेलं काय? जे दिसत न्हाई ते मला दाव."

मागणी अशक्य होती. नसलेलं दाखवता येत नाही. पण जे आहे त्याची कड दाखवता येते. मागच्या खोलीत, जिथं आम्ही कापूस ठेवतो, तिथली निळी भिंत मोकळी होती. मी आईच्या पाकिटातली एक लाल टिकली तिच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवली आणि तिला समोर एक मीटरवर बसवलं.

"टिकलीकडेच बघायचं. काही झालं तरी टिकलीकडे. मी कडेनं खडू आणतो. दिसला की म्हण, आला."

मी भिंतीच्या टोकापासून खडू सरकवत आणला. फार दुरून. खडू येत राहिला, येत राहिला, ती गप्प. टिकलीच्या इतक्या जवळ पोचलो की मला वाटलं ती खेळ विसरली.

"आला."

तिथं खूण केली. मग खालून, वरून, डावीकडून, तिरप्या रेषांनी. प्रत्येक वेळी तेवढ्याच जवळ. शेवटी खुणा जोडल्या. वेडावाकडा गोल झाला, आमच्या घरातल्या परातीएवढा, उजवीकडे थोडा चेपलेला.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. हे तुझं. ह्याच्या बाहेरचं त्या वेळी तुला दिसत नव्हतं."

ती उठली, भिंतीपाशी गेली. बोट गोलावरून फिरवलं. खडूची पूड बोटाला लागली ती पदराला पुसली. मग खोलीकडे मान वळवून वळवून बघितलं, कापसाचा ढीग, दार, कौलं, मी.

"आन तुझा केवढा?"

"माझा?"

"काढ की. मी खडू धरते. बस तिथं."

मी बसलो. टिकलीकडे बघितलं. आईनं भिंतीच्या डाव्या टोकाला खडू धरला. तो मला दिसत होता. ती उजव्या टोकाला गेली. तोही दिसत होता. ती कोपरा ओलांडून बाजूच्या भिंतीवर गेली, तिथंही मला तिचा हात, तिच्या हिरव्या बांगड्या, तिचा खडू दिसत होता.

"आला का?"

"अजून दिसतोय," मी म्हणालो. खोटं बोलावं असं वाटलं. पण ती मोजमाप करत होती.

ती बाजूच्या भिंतीनं चालत जवळजवळ माझ्या खांद्यापाशी आली. "अजून?"

"अजून."

तिनं खूण केलीच नाही. "राहू दे," ती म्हणाली. "तुला भिंत पुरायची न्हाई."

आम्ही तिथंच बसलो, ती कापसावर, मी जमिनीवर. मग मी बोलायला लागलो. की काम जमेल. लहान पडदा आहेच, वाचता येतंय, टायपिंग उत्तम. बाजूला बघताना मान वळवायची सवय लावायची. रस्ता ओलांडायला मी येईन, पहिले काही महिने सगळीकडे मी सोबत येईन.

"बदनापूर सोडून?"

"सोडीन."

"अन् मंग? पोरगं पिशवी धरून मागं फिरतंय म्हणून बावीस गावांत हसू?" ती चिडली नव्हती. समजावत होती. "हरी, बायकांचे पैसे असतात माझ्या पिशवीत. पासबुकं असतात. संध्याकाळच्या जीपनं यायचं, अंधारात उतरायचं, मेन रोडला कापसाचे ट्रक. मला माहीत न्हाई ते मी केलं असतं. माहीत झाल्यावर कसं करू?"

मी हाताला लागलेली खडूची पूड झटकली.

"लॅपटॉप परत करू?" मी विचारलं. "पारस घेईल."

"कामून? गावातला गट हाये की माझा. गल्लीतली वाट मला पाठ हाये. घरी बसून करीन." ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली. पाटावर लॅपटॉप ठेवला, चष्मा लावला, मांडी घालून बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "तू तिकडं बस. झाल्यावर बोलावते."

मी उंबऱ्यावर बसलो. बाहेर बाबा वैरण टाकत होते. आत कळफलकाचा आवाज येत होता, न अडखळता. मधे एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. चहा ठेवून होईल एवढ्या वेळानं तिनं हाक मारली.

"वाच बरं मोठ्यानं. काही चुकलं तर सांग."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचायला लागलो. "प्रति, मा. तालुका अधिकारी साहेब. विषय : नेमणूक स्वीकारता येत नसल्याबाबत. महोदय, वरील विषयी विनंतीपूर्वक अर्ज करते की, बावीस गावांच्या नोंदींच्या कामासाठी आपण माझी निवड केली, त्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे. परंतु घरगुती अडचणीमुळे—"

मी थांबलो. "घरगुती अडचण?"

"मंग काय लिहू?"

"खरं लिही. डोळ्यांचं. ते समजून घेतील. कदाचित दुसरं काही काम—"

"देतील ना दुसरं काम. हार बी घालतील. अन् गटाच्या बैठकीला मला दोघी हाताला धरून नेतील, सही कुठं करायची तिथं बोट धरून ठेवतील. मला माझ्या दारातून माझ्या गटापर्यंत माझ्या पायानं जायचंय, हरी. जेवढे दिस जाता येईल तेवढे." तिनं चष्मा काढला आणि पदरानं काचा पुसल्या. "पुढं वाच."

"परंतु घरगुती अडचणीमुळे मला सदर कामावर रुजू होता येणार नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. माझ्या जागी दुसऱ्या ताईंची निवड करावी, ही नम्र विनंती."

एकही चूक नव्हती. ऱ्हस्व-दीर्घ सगळं जागच्या जागी, समासही नीट सोडलेला.

"पुढं," आई म्हणाली.

पुढे फक्त तिचं नाव होतं. मी तेही वाचलं.